विश्लेषण : लग्नाची जुनी व्हीसीडी घरच्या घरी डीव्हीडीवर कशी आणायची?

अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमशेजारी दोन-तीन सीडी पडून असतात. वर मार्करने लिहिलेले असते, ‘भाग १’, ‘भाग २’. दोन हजारच्या दशकात लग्न, मुंज, बारशाचे चित्रीकरण अनेकदा व्हीसीडीवरच मिळत असे. आता नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो आणि जुना प्लेअर भंगारात गेलेला असतो. आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचा आवाज कदाचित त्या एकाच चकतीवर शिल्लक असतो. ती वाचवायची कशी?

व्हीसीडी आणि डीव्हीडीत फरक काय?

व्हीसीडीचे मानक १९९३ मध्ये ठरले. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचे चित्रीकरण बसवण्यासाठी ते एमपेग-१ पद्धतीने दाबले जाते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ३५२ बाय २८८ पिक्सेल असतो. डीव्हीडीवर तो ७२० बाय ५७६ पर्यंत, म्हणजे सुमारे चौपट पिक्सेलचा असतो. तीन तासांचे लग्न तीन सीडींत विभागले जायचे ते या ७४ मिनिटांच्या मर्यादेमुळेच.

सीडी कॉपी करताना मध्येच का अडकते?

साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करणारे संकेत असतात. व्हीसीडीत चित्रासाठी २३२४ बाइट वापरले जातात. ही जास्तीची जागा दुरुस्तीच्या संकेतांतूनच काढलेली असते. त्यामुळे ओरखडा पडला की चित्रात चौकोन दिसतात किंवा कॉपी थांबते.

सीडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार नाही. चकाकणारा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक ठरतो. तिथे चिकटवलेले लेबल ओढून काढू नये.

पहिली पायरी कोणती?

आधी सुरक्षित प्रत घ्यावी, रूपांतर नंतर. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर असला तरी पुरतो. विंडोजमध्ये सीडी उघडली की ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यातील ‘डॅट’ फाइल म्हणजेच चित्रीकरण. ती हार्ड डिस्कवर घ्यावी आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये शेवटपर्यंत चालवून पाहावी. कॉपी अडकल्यास दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करावा, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधी कधी वाचतो. खराब सीडीसाठी आयसोबस्टरसारखे सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

डीव्हीडी कशी तयार होते?

ही फाइल कोऱ्या डीव्हीडीवर नुसती टाकली तर टीव्हीला जोडलेला जुना प्लेअर बहुधा ती ओळखणार नाही. त्याला ठरावीक रचनेतली ‘डीव्हीडी व्हिडीओ’ लागते. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर ती रचना तयार करते. सुरुवातीलाच ‘पाल’ हा पर्याय निवडावा.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ३५२ बाय २८८ आकाराचे एमपेग-१ चित्र डीव्हीडीच्या मानकात बसते. आवाज मात्र ४४.१ किलोहर्ट्झवरून ४८ वर न्यावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चित्र आहे तसे ठेवण्याची सोय असेल तर तीच वापरावी. चित्र पुन्हा दाबले की दर्जा आणखी थोडा घसरतो. व्हीसीडीचा एक मिनिट सुमारे १० एमबी जागा घेतो. त्यामुळे ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर पाच ते सहा व्हीसीडी मावतात. डीव्हीडी कमी वेगाने बर्न करावी आणि शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नये.

चित्र सुधारेल का?

नाही. व्हीसीडीत जो तपशील नाही, तो डीव्हीडी आणू शकत नाही. आकार वाढवून फाइल मोठी होते, चेहरे स्पष्ट होत नाहीत. घरात मूळ मिनी डीव्ही कॅसेट असेल तर तिच्यावरूनच नवी प्रत काढावी. तिच्यातील चित्र कितीतरी चांगले असते.

मग डीव्हीडीच हवी का?

घरी प्लेअर असेल आणि मोठ्यांना तोच सोयीचा वाटत असेल तर जरूर. मोबाइलवर पाहण्यासाठी हँडब्रेकने एमपी४ प्रत करता येते. पण बर्न केलेली डीव्हीडीही कालांतराने खराब होते. त्यामुळे मूळ ‘डॅट’ फाइल हार्ड डिस्कवर आणि आणखी एक प्रत नातेवाइकांच्या घरी ठेवावी. बाजारातून घेतलेल्या चित्रपटांच्या प्रती काढून विकणे किंवा वाटणे मात्र कॉपीराइट कायद्याचा भंग ठरतो.

एका सीडीला साधारण अर्धा तास लागतो. सीडी वाचली जात आहे तोवरच हे काम उरकलेले बरे.