राष्ट्रकुल खेळ: विझत चालले, तरी बघायचे का?

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून गटाच्या बैठकीत खेळाचा विषय निघतोच निघतो. सांगलीची स्मृती मानधना आता कुणाला सांगावी लागत नाही. त्यातूनच एक प्रश्न आमच्याकडे दोन-तीन गावांतून आला. ‘2030 साली अहमदाबादला मोठे खेळ होणार म्हणतात, ते राष्ट्रकुल खेळ म्हणजे काय? आणि कुणी म्हणतं त्यांत आता काही राम राहिला नाही, ते खरं का?’ आम्ही समन्वयक बायका यावर बरंच बोललो, आमच्यातही एकमत होईना. जे जमलं ते आज सांगतो.

राष्ट्रकुल म्हणजे मुख्यतः एकेकाळी इंग्रजांच्या ताब्यात असलेले देश. या देशांचे खेळ 1930 साली कॅनडातल्या हॅमिल्टन गावी सुरू झाले. तेव्हा नावच होतं ब्रिटिश साम्राज्य खेळ. 11 देश आले होते आणि बायकांना फक्त पाण्यातल्या स्पर्धा होत्या. भारत पहिल्यांदा 1934 साली लंडनला गेला आणि कुस्तीत एक कांस्य घेऊन आला. साम्राज्य गेलं, नाव दोन-तीनदा बदललं, खेळ मात्र दर चार वर्षांनी चालू राहिले. मधे महायुद्धामुळे खंड पडला तेवढाच.

आता विझत चालले म्हणतात ते का, ते बघू. गावच्या जत्रेचा मान घेतला की खर्चही अंगावर येतो, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच आहे. ज्या शहरानं यजमानपद घेतलं त्यानं मैदानं बांधायची, खेळाडूंची राहण्याची सोय करायची, रस्ते करायचे. 2022 चे खेळ दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला ठरले होते. तिथं पैशांचं जमेना, म्हणून 2017 साली त्यांच्याकडून काढून घेतले आणि इंग्लंडच्या बर्मिंगहॅमला दिले. मग 2026 चे खेळ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतले. खर्च धरला होता 2.6 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्ष-दीड वर्षात तोच अंदाज 6 अब्जांच्या पुढे गेला. जुलै 2023 मध्ये तिथले मुख्यमंत्री उभे राहिले आणि म्हणाले, दवाखान्यांचा आणि शाळांचा पैसा काढून मी हे खेळ करणार नाही. करार मोडला म्हणून 38 कोटी डॉलर भरपाई भरावी लागली. खेळ एकही झाला नाही, पैसे मात्र गेले. कॅनडातल्या अल्बर्टानं 2030 साठी अर्ज करायचं ठरवलं होतं, त्यांनीही त्याच उन्हाळ्यात अंग काढून घेतलं.

शेवटी 2026 चा भार स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरानं उचलला. त्यांनी 2014 साली हे खेळ केले होते. या वेळी त्यांनी सांगितलं, करू, पण घर बघून करू. नवं मैदान बांधायचं नाही, आहेत त्याच चार ठिकाणी खेळायचं, खेळाडूंसाठी नवी वसाहत उभारायची नाही. आणि खेळ फक्त दहा. मागच्या वेळी ही संख्या जवळपास दुप्पट होती.

हे काटकसरीचं धोरण आम्हाला मनापासून पटतं. पण कात्री कुठे लागली ते बघा. कुस्ती गेली, बॅडमिंटन गेलं, हॉकी, क्रिकेट, टेबल टेनिस, स्क्वॉश गेलं. नेमबाजी तर बर्मिंगहॅमपासूनच नाही. 2022 ला भारताला 61 पदकं मिळाली होती, त्यातली 22 सुवर्ण. आम्ही वहीत बेरीज मांडली: कुस्ती 12, टेबल टेनिस 7, बॅडमिंटन 6, हॉकी 2, स्क्वॉश 2, क्रिकेट 1. झाली 30. म्हणजे निम्मी पदकं ज्या खेळांतून आली ते खेळच ग्लासगोत नाहीत. सुवर्णातली तर 13 त्यांतलीच. तेव्हा उद्या टीव्हीवर कुणी ओरडलं की भारताची पदकं घसरली, तर घाबरू नका. शेतच निम्मं राहिलं तर धान्य कमीच येणार.

आपल्या भागाला याची झळ जास्त आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2006 आणि 2018 साली या खेळांत नेमबाजीची सुवर्णपदकं जिंकली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं 2010 आणि 2014 ला जिंकली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 ला कुस्तीत सुवर्ण घेतलं. आज तालमीत जाणारी किंवा बंदूक धरायला शिकणारी मुलगी घ्या. तिच्यापुढची या वर्षीची ही पायरी निघून गेली आहे.

पायरी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. राष्ट्रकुलावर एक टीका नेहमी होते, आणि ती खरी आहे. इथे चीन नाही, अमेरिका नाही, जपान नाही. त्यामुळे पदकं सोपी. बर्मिंगहॅमला 22 सुवर्ण मिळवणाऱ्या भारताला 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सगळी मिळून 6 पदकं मिळाली, त्यात सुवर्ण एकही नाही. आमच्यातली एक ताई तर म्हणाली, मग तालुक्याच्या स्पर्धेत पहिला आलेला राज्यात पहिला आला असं कशाला समजायचं? बरोबर आहे, समजू नये. पण तालुक्याची स्पर्धाच नसेल तर राज्यापर्यंत पोचणार कोण?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं बघा. शेतकऱ्याचा मुलगा, शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट, बारावीनंतर सैन्यात. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत 3000 मीटर पळायची त्याची शर्यत. त्यात 1998 पासून 2018 पर्यंत प्रत्येक राष्ट्रकुलात तिन्ही पदकं केनियाचीच होती. बर्मिंगहॅमला अविनाश दुसरा आला. पहिल्या आणि त्याच्यात अंतर किती? सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले पाच. केनियाचे कसलेले पळणारे त्या शर्यतीत होते, तेव्हा हे पदक सोपं होतं असं कुणी म्हणू नये. खेळाखेळात फरक असतो. सगळीच पदकं एका तराजूत तोलायची नाहीत.

त्याच वेळी सांगलीच्या संकेत सरगरनं वजन उचलण्यात रौप्य घेतलं, भारताचं बर्मिंगहॅममधलं ते पहिलं पदक. घरी पानटपरी आणि चहाची गाडी. आणि त्याआधी, 2010 साली दिल्लीत, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 10 हजार मीटर पळून तिसरी आली. या खेळांत धावण्याच्या शर्यतीत एकटीनं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई.

आता बायकांचं सांगतो, कारण आमच्या मते हे खेळ बघण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. 1930 ला ज्या स्पर्धेत बायकांना फक्त पाण्यात उतरायची मुभा होती, त्याच स्पर्धेत 2022 ला बायकांसाठी 136 पदकस्पर्धा होत्या आणि पुरुषांसाठी 134. अनेक खेळांच्या मोठ्या जागतिक मेळाव्यात बायकांचं पारडं जड होण्याची ती पहिलीच वेळ. अपंग खेळाडूंच्या स्पर्धाही इथे वेगळ्या, नंतर, रिकाम्या मैदानात होत नाहीत. त्याच दिवसांत, त्याच मांडवात होतात, आणि त्यांची पदकं देशाच्या त्याच यादीत धरतात. गुजरातच्या भाविना पटेलनं चाकाच्या खुर्चीवर बसून टेबल टेनिसचं सुवर्ण जिंकलं, ते त्या 22 मधलंच एक.

मेरठकडच्या खेड्यातली अन्नू राणी उसाचे दांडके फेकून भालाफेक शिकली. ऊस आपल्याकडेही काही कमी नाही! तिनं बर्मिंगहॅमला बरोबर 60 मीटर भाला फेकून कांस्य घेतलं. मणिपूरची मीराबाई चानू लहानपणी जळणाच्या मोळ्या वाहायची. तिनं दोन प्रकारांत मिळून 201 किलो उचलून सुवर्ण घेतलं. मोळीचं वजन आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे, पण त्याला कुणी पदक देतं हे माहीत नव्हतं.

आमच्या सगळ्यांच्या आवडीची गोष्ट मात्र लॉन बोल्सची. हिरवळीवर खेळतात. आधी एक छोटा चेंडू दूर घरंगळत सोडायचा, मग मोठे चेंडू सोडून त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. गोट्या खेळलेल्या बाईला पाच मिनिटांत कळेल. गंमत अशी की मोठा चेंडू मुद्दाम एका अंगाला कललेला घडवतात, तो सरळ जातच नाही, वळणानं जातो. ते वळण ओळखायचं. 2022 ला भारताच्या चौघी गेल्या, तेव्हा या खेळात भारताला कधीच पदक मिळालं नव्हतं. लव्हली चौबे झारखंड पोलिसात, पिंकी दिल्लीच्या शाळेत खेळाची शिक्षिका, नयनमोनी सैकिया आसामची, रूपा राणी तिर्की झारखंडची. लव्हली आधी पळायची, नयनमोनी वजन उचलायची. दोघींना दुखापत झाली आणि त्या या खेळाकडे आल्या. लव्हली आणि पिंकी तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं आणि सुवर्ण घेतलं. क्रिकेट-ऑलिंपिकच्या गर्दीत या चौघी आपल्याला कधी दिसल्या असत्या का? ऑलिंपिकमध्ये हा खेळच नाही.

याच खेळात 2018 ला नॉरफोक नावाच्या बेटानं कांस्य मिळवलं. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपलं एखादं मध्यम गाव. तेही स्वतःचा झेंडा घेऊन येतं. हे खेळ बंद पडले तर अशा गावाएवढ्या देशांना जगासमोर उभं राहायला दुसरी जागा जवळजवळ नाही. मोठ्या देशांचं काही अडणार नाही.

आता 2030. नोव्हेंबर 2025 मध्ये अहमदाबादवर शिक्कामोर्तब झालं. खेळांना शंभर वर्षं होतील. तिथे 15 ते 17 खेळ घ्यायचं ठरलं आहे, म्हणजे ग्लासगोत गेलेले काही परत येतील. याचा आम्हाला आनंद आहे. पण 2010 ची दिल्लीही आम्ही विसरलो नाही. भारताला 101 पदकं मिळाली, बायकांनी 4 गुणिले 400 मीटरची रिले जिंकली, कृष्णा पूनियानं थाळीफेकीत सुवर्ण घेतलं. ते मिल्खा सिंग यांच्या 1958 च्या सुवर्णानंतर मैदानी खेळातलं आपलं पहिलं. आणि दुसरीकडे खर्च कितीतरी पटींनी फुगला, महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, झोपड्या उठवल्या गेल्या. अनुसूचित जातींच्या विकासासाठी ठेवलेला दिल्लीचा पैसा या कामांकडे वळवल्याचं प्रकरण तर संसदेत गाजलं. ज्यांचा पैसा वळवला, त्यांना पदकाचा फोटो दाखवून काय उपयोग?

गटाच्या बैठकीत शंभर रुपये कुठे गेले ते विचारायला आपण कचरत नाही. मग हजारो कोटींबद्दल विचारायला का कचरावं? मैदान कुठे बांधलं, कुणाची जागा गेली, खेळ संपल्यावर तिथे कोण खेळणार, एवढे प्रश्न कुणालाही विचारता येतात. चांगलं उदाहरणही जवळच आहे. पुण्याच्या बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, 2008 च्या युवा राष्ट्रकुल खेळांसाठी पुन्हा वाढवलं. तिथे आजही मुलं-मुली सराव करतात. आणि आपल्या तालुक्याचं क्रीडासंकुल असेल तर एकदा सगळ्याजणी मिळून जाऊन बघा. दार उघडं असतं का, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, शिकवायला कुणी येतं का. 2030 ला पळणारी मुलगी आज बारा-तेरा वर्षांची आहे आणि ती कुठे तरी पळायला जागा शोधते आहे.

तर बघायचे का? आमचं मत, बघायचे. पदकांची रास मोजायला नको. नेमक्या माणसांना बघायला बघायचे, आणि जमाखर्चाच्या वहीवर नजर ठेवून. सगळं बघायला वेळही नाही. ग्लासगोचे खेळ 23 जुलैला सुरू होऊन 2 ऑगस्टला संपतात. 25 ला आषाढी आहे, त्या दिवशी कुणी टीव्हीसमोर बसणार नाही, आम्हीही नाही. पुढचे आठ दिवस आहेत. वजन उचलणं, मुष्टियुद्ध, धावणं-फेकणं, ज्यूदो आणि लॉन बोल्स हे भारताच्या आशेचे खेळ. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच. म्हणजे खुरपणीवरून जेवायला आलं की सकाळचं सत्र सापडेल. रात्रीच्या शर्यती मात्र मध्यरात्रीकडे जातील. त्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही याच रेडिओवर सांगू.