चाकाखालचा आवाज

जिंतूर तालुक्यातले चारठाणा ओळखले जाते ते हेमाडपंती मंदिरांसाठी, बारवेसाठी आणि उंच कोरीव स्तंभासाठी. जिंतूरहून मंठ्याकडे जाताना गावाचा फाटा लागतो. या भागात बैलगाड्या होत्या तेव्हा चाकावर चढवलेली लोखंडी धाव दगडावर खडखडे आणि काळ्या मातीत गप्प होई. चाक तेच, आवाज निराळा. रबरी टायरचेही तसेच आहे, आणि रस्ते बांधताना आपण नेमके हेच विसरतो.

वाहनांच्या गोंगाटाचे खापर आपण इंजिनावर आणि हॉर्नवर फोडतो. हॉर्नचा दोष मोठा आहेच. पण मोटार ताशी 50 किलोमीटरच्या आसपास पोचली की टायरचा आवाज इंजिनावर मात करतो. ट्रकला त्यासाठी थोडा जास्त वेग लागतो. नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटून टायर थरथरतो. खाचांत कोंडलेली हवा दाबली जाऊन बाहेर फुटते. टायर आणि रस्ता यांच्यामधली पाचरीसारखी जागा कर्ण्याचे काम करते. वेग दुप्पट झाला की हा आवाज सुमारे 10 डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट वाटतो.

तो मोजायच्या रूढ रीती दोन. एकीत मार्गिकेच्या मध्यापासून 7.5 मीटरवर, 1.2 मीटर उंचीवर मायक्रोफोन लावून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा वेग आणि आवाज टिपतात. दुसरीत चाचणीच्या टायरपासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन बांधून गाडी फिरवतात. पहिलीतून वस्तीपर्यंत काय पोचते ते समजते, दुसरीतून रस्त्याचा कोणता तुकडा किती ओरडतो ते.

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून इथे काँक्रीटचा आग्रह धरला जातो, आणि तो मला चुकीचा वाटत नाही. जालन्याजवळून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग काँक्रीटचाच आहे. तो 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. पावसात टायरची पकड राहावी म्हणून काँक्रीटवर चऱ्या लागतातच. मात्र त्या आडव्या आणि समान अंतरावर पाडल्या, की एकसुरी शीळ निघते. अंतर कमीजास्त ठेवले तर शीळ मोडते. चऱ्या वाहनाच्या दिशेने उभ्या पाडल्या तर आवाज आणखी उतरतो.

नेदरलँड्समध्ये महामार्गांवर सच्छिद्र डांबर सर्रास वापरतात. त्यातल्या सुमारे 20 टक्के पोकळीत हवा आणि पाणी दोन्ही जिरतात. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो. ती छिद्रे इथे लवकर बुजतील. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 2003 पासून काँक्रीटच्या महामार्गांवर जुन्या टायरचे रबर मिसळलेल्या डांबराचा इंचभर थर दिला गेला. आवाज लक्षणीय घटला, पण वर्षांगणिक गुण ओसरत गेला. थोडी घटही मोलाची असते: 3 डेसिबल कमी होणे म्हणजे निम्मी वाहतूक हटवल्यासारखे.

आपल्याकडे टायरसाठी नियम आहे. 28 जून 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेने टायरच्या आवाजाची कसोटी सक्तीची केली. वस्तीसाठीही आहे: 2000 सालच्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. पण एक नियम टायर बनवणाऱ्याला बांधतो, दुसरा वस्तीतला आवाज मोजतो. दोघांच्या मधला रस्त्याचा पृष्ठभाग मोकळाच राहतो.

जालना-नांदेड द्रुतगती जोडमार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विनंती आहे: काम सुरू होण्याआधी मार्गालगतच्या गावांतला दिवसाचा आणि रात्रीचा आवाज मोजून ठेवा, आणि चऱ्यांची दिशा व अंतर निविदेतच लिहा. शाळा, दवाखाने आणि गावठाण लागतील तिथे तरी उभ्या चऱ्या असाव्यात. ओल्या काँक्रीटवर त्या पाडायला फारसा जादा खर्च येत नाही. काँक्रीट वाळल्यावर मात्र हिऱ्याच्या पात्यांचे यंत्र आणून तेच अंग घासून काढावे लागते.