ऐकलेले आणि लिहिलेले

काशीत मणिकर्णिकेलगत, रत्नेश्वराचे कललेले देऊळ जेथे आहे, तो बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट. मराठी माणूस त्यास ‘शिंदे घाट’ म्हणतो, स्थानिक ‘सिंधिया घाट’. या घाटावरील ध्वनिमुद्रित कार्यक्रम दूरच्या साहाय्यकाकडून लिहवून घेतला, तर एकाच घाटाचे दोन घाट होऊ शकतात. तासाभराच्या मुद्रणास सरावलेल्या लेखनिकालाही साधारण चार तास लागतात. संगणक मसुदा झटपट देतो, परंतु विशेषनामांत तोही चुकतो. म्हणून काम सोपविताना नावांची यादी सोबत द्यावी, पहिल्या पाच मिनिटांचा नमुना तपासावा, मगच मोबदला ठरवावा. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर हाच कार्यक्रम असतो.