संकेतस्थळाच्या थीममधील बदलांचे जतन : वर्डप्रेसमधील ‘चाइल्ड थीम’ पद्धतीचा अभ्यास

प्रस्तावना :
आशय व्यवस्थापन प्रणालींमुळे प्रोग्रॅमिंगचे विशेष ज्ञान नसतानाही संकेतस्थळ चालविणे शक्य झाले आहे. वर्डप्रेस ही अशीच एक मुक्तस्रोत प्रणाली असून तिची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तीत थीमची व्यवस्था आली. संकेतस्थळाचे बाह्यरूप ठरविणाऱ्या फाइलींचा संच म्हणजे थीम होय.

समस्येचे स्वरूप :
तयार थीममध्ये आपल्या गरजेनुसार बदल करताना अनेकदा तिच्या मूळ फाइलीच बदलल्या जातात. मात्र थीम अद्ययावत करताना प्रणाली जुने फोल्डर काढून त्या जागी नवे ठेवते. परिणामी केलेले सर्व बदल नष्ट होतात. या भीतीने अद्ययावतीकरणच टाळले जाते व सुरक्षेतील ज्ञात त्रुटी तशाच राहतात. ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीपासून थीम आपोआप अद्ययावत करण्याची सोय उपलब्ध झाली. ती सुरू असल्यास हे बदल कोणाच्या नकळतही पुसले जाऊ शकतात.

चाइल्ड थीमची कार्यपद्धती :
यावर उपाय म्हणजे बदल स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवणे. या फोल्डरमधील ‘स्टाइल.सीएसएस’ फाइलीच्या शीर्षभागात मूळ थीमच्या फोल्डरचे नाव नोंदवावे लागते. पृष्ठ दाखविताना प्रणाली प्रथम चाइल्ड थीममधील टेम्प्लेट शोधते. ते नसल्यास मूळ थीममधील वापरते. ‘फंक्शन्स.पीएचपी’ हा याला अपवाद आहे. या नावाच्या दोन्ही फाइली वाचल्या जातात, प्रथम चाइल्ड थीममधील व नंतर मूळ थीममधील. मूळ थीम अद्ययावत झाली तरी स्वतंत्र फोल्डरला धक्का लागत नाही.

मर्यादा :
तथापि, ही पद्धत देखभालीतून मुक्ती देत नाही. मूळ थीममधील एखादे टेम्प्लेट चाइल्ड थीममध्ये उतरवून घेतल्यास त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या त्या प्रतीपर्यंत पोहोचत नाहीत. वूकॉमर्स हे प्लगइन आपल्या टेम्प्लेटच्या अशा कालबाह्य प्रती स्थिती-अहवालात दाखविते. सर्वसाधारण थीमच्या बाबतीत ही तुलना स्वतःच करावी लागते. म्हणून संपूर्ण टेम्प्लेट उतरविण्याऐवजी शक्य तेथे ‘हुक’चा वापर करावा.

निष्कर्ष :
बदल व मूळ थीम यांची फारकत केल्यास संकेतस्थळाचे वेगळेपण आणि सुरक्षितता दोन्ही राखता येतात. मात्र उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलीची जबाबदारी संकेतस्थळ चालविणाऱ्याकडेच राहते, म्हणून अशा फाइली मोजक्या असाव्यात व त्यांची लेखी नोंद ठेवावी.