खाणीचे गाणे

जपानमधील क्यूशू बेटावर तागावा नावाचे शहर आहे. तेथील दगडी कोळशाच्या खाणींत राबणारे स्त्रीपुरुष जी श्रमगीते गात, त्यांतून ‘तांको बुशी’ म्हणजे ‘कोळसाखाणीचे गाणे’ जन्मास आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिमुद्रिका व आकाशवाणी यांच्या योगे ते देशभर पसरले. उन्हाळ्यात पितरांच्या स्मरणाचा ‘ओबोन’ सण येतो. त्या वेळी मैदानात उंच मंचावर ढोल वाजू लागतो आणि आबालवृद्ध मंचाभोवती फेर धरतात.

या नृत्यातील हातवारे मात्र नीट न्याहाळावेत. फावडे धरल्यासारखे दोन्ही हात खाली जातात, हे कोळसा खणणे. मग ते खांद्यावरून मागे जातात. हा कोळशाचा भार पाठीवर टाकणे होय. नंतर एक तळवा कपाळाशी येतो, जणू दमलेला कामकरी वळून चंद्राकडे पाहत आहे! (मला हाच हावभाव सर्वांत हृद्य वाटतो.) पुढे कोळशाची गाडी ढकलायची आणि टाळी वाजवायची.

तागावाची मोठी खाण १९६४ साली बंद पडली. १९०८ साली बांधलेली तिची दोन धुरांडी अजून उभी आहेत. वृद्धाश्रमांत हे गाणे लागले, की ज्यांना उभे राहवत नाही ते आजीआजोबा खुर्चीत बसूनच खणतात, भार उचलतात, गाडी ढकलतात.