पोरांची चित्रे अंगावर

आपल्या चिकलठाण्यावरून विमाने जातात. पोरे ती पाटीवर काढतात. पंख वाकडे, माणसे विमानापेक्षा मोठी. आपण हसतो. पण अशाच एका चित्राची गोष्ट ऐका.

१९४५ साली युरोपातली मोठी लढाई संपली. पोरांचे खाण्याचे हाल होते. युनिसेफ या संस्थेने त्यांना मदत पोचवली. झेकोस्लोव्हाकिया देशात सात वर्षांची यित्का होती. कागद मिळेना, म्हणून तिने काचेवर चित्र काढले. त्यात मुली फेर धरून नाचतात. १९४९ साली युनिसेफने ते शुभेच्छापत्रावर छापले. पुढे अशी पत्रे विकून पोरांसाठी पैसा उभा राहू लागला.

आता कलाकार पोरांची चित्रे सदऱ्यांवर, ओढण्यांवरही छापतात. ते कसे? चौकटीला बारीक जाळीचे कापड ताणतात. चित्राची जागा मोकळी ठेवून बाकीची भोके बुजवतात. मग रबरी पट्टीने रंग ओढतात. तो खालच्या कापडावर उतरतो. तीन रंगांना तीन चौकटी लागतात.

चांगला कलाकार पोराची रेघ सरळ करीत नाही. सरळ केली की ते चित्र पोराचे राहत नाही. आम्हांला हे फार पटते.

सदरा घेताना मात्र विचारावे, चित्र छापायला आईबापांनी होकार दिला होता का? खर्च वजा जाता पैसा कुठे गेला? हिशेब दाखवला, तरच पैसे मोजावेत.