हळदीचा हक्क आणि हळदीची परीक्षा

मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या तोंडात व्रण पडतात. घास गिळणे कठीण होते आणि कित्येकदा उपचारच खंडित करावे लागतात. हळदीतील कुर्क्युमिन दाह शमविते, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. पोटात घेतल्यास ते फारसे शोषले जात नाही. तोंडातील व्रणाला मात्र ते थेट लावता येते. यावर लहान चाचण्या झाल्या. निर्णायक ठरतील अशा मोठ्या चाचण्या विरळाच.

याचे कारण अर्थशास्त्रात आहे. जखमेवरील हळदीच्या वापराचे अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीमुळे १९९७ साली रद्द ठरले. ते न्याय्यच झाले. परंतु जे ज्ञान सर्वांचे, त्याच्या परीक्षेचा खर्च कोणाचाच नाही, अशी स्थिती उरली. मक्तेदारीची आशा नसेल तेथे खासगी भांडवल फिरकत नाही.

परंपरेचा अभिमान हा पुरावा नव्हे. हक्क राखताना शासनसंस्थेने जी तत्परता दाखविली, तीच गुणावगुण पारखताना दाखवून हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून केला पाहिजे. निष्कर्ष प्रतिकूल निघाला, तरी रुग्णाची खोट्या आशेतून सुटका होईल.